कस्टर्ड पाय : नाव पारीचं, मान सारणाचा

एरवी या व्यासपीठावरून आपण राजे, तह आणि लढाया यांच्याबद्दल बोलतो. आज आपण स्वयंपाकघरात जाणार आहोत. तह आणि बेटं तिथेही भेटतील, पण आजचा नायक एक साधा, घरगुती, गोड पदार्थ आहे : कस्टर्ड पाय.

'पाय' हा शब्द ऐकून पुढच्या रांगेत हसू आलेलं दिसतंय, ते साहजिकच आहे. आपल्याकडे पाय एक तर चालायचे, नाहीतर रश्शातले. हा पाय इंग्रजांचा आणि अमेरिकनांचा. पिठाची पारी लाटायची, ती पसरट, उतरत्या कडेच्या ताटलीत बसवायची, तिच्यात सारण भरायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. सफरचंदाचं सारण घातलं की ॲपल पाय. अंडी, दूध आणि साखर एकत्र फेटून ओतलं आणि वर जायफळ किसलं की कस्टर्ड पाय.

विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे पहिला प्रश्न आला तो असा : "कस्टर्ड म्हणजे डब्यातल्या पावडरीचं, फळं घालून खातो ते पिवळं कस्टर्डच ना?" प्रश्न भाबडा वाटेल, पण आजच्या सगळ्या व्याख्यानाचं बीज त्यातच आहे. कारण कस्टर्ड हे नाव आधी पारीचं होतं. मग ते सारणाचं झालं. आणि शेवटी अंडंही नाही, पारीही नाही, अशा एका पावडरीचं झालं. नाव तेच राहिलं आणि त्याच्या आतली वस्तू बदलत गेली. ती का बदलली आणि बदलताना काय हातचं गेलं, हे आज पाहायचं आहे.

सुरुवात नावापासून करू. इंग्रजीतला 'कस्टर्ड' हा शब्द जुन्या फ्रेंच वळणाच्या 'क्रुस्ताद'वरून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन 'क्रुस्ता' आहे, म्हणजे कडक कवच. पावाच्या कडेला आपण 'क्रस्ट' म्हणतो, तोच हा शब्द. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांच्या पाककृती 1390च्या सुमारास एकत्र लिहिल्या गेल्या. 'फॉर्म ऑफ क्युरी' या नावाने तो संग्रह ओळखला जातो. त्यात 'क्रुस्टार्ड' आहेत, पण कशाचे? मांसाचे आणि माशांचे! म्हणजे कवचात घालून भाजलेलं काहीही क्रुस्टार्ड. आज आपण ज्याला कस्टर्ड म्हणू, तो पदार्थही त्याच संग्रहात आहे, पण वेगळ्या नावाने : 'डॅरिओल'. साय किंवा बदामाचं दूध, अंडी, साखर, केशर आणि मीठ, हे सगळं कवचात भाजलेलं.

त्या काळचं हे कवच आजच्या खुसखुशीत पारीसारखं नव्हतं. त्याला 'कॉफिन' म्हणत. हो, शवपेटीला म्हणतात तोच शब्द. पण तेव्हा त्याचा अर्थ नुसती पेटी किंवा टोपली असा होता. जाड, घट्ट पिठाची ही पेटी कुठल्याही भांड्याच्या आधाराशिवाय उभी राहायची. तीच भांडं, तीच झाकण. मग साधारण 1600च्या आसपास शब्द पेटीतून आत सरकला आणि कस्टर्ड म्हणजे अंड्या-दुधाचं सारण असा अर्थ रूढ होऊ लागला. आपल्याकडे समजा करंजीतल्या सारणालाच कुणी करंजी म्हणायला लागलं, तर जसं होईल तसं.

तोवर हा पदार्थ इंग्लंडमध्ये मेजवानीचा होता. लंडनच्या लॉर्ड मेयरच्या मेजवानीत विदूषकाने प्रचंड मोठ्या कस्टर्डमध्ये उडी मारायची, अशी एक प्रथा होती. शेक्सपिअरच्या 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल' या नाटकात तिचा उल्लेख येतो.

नाव मध्ययुगातलं असलं, तरी युक्ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. 'एपिसियस'च्या नावावर असलेल्या रोमन पाकग्रंथात दूध, मध आणि अंडी यांचा एक पदार्थ दिला आहे. एका सेक्स्टेरियस दुधाला पाच अंडी. सेक्स्टेरियस म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त. मिश्रण गाळून घ्यायचं, मंद आचेवर शिजवायचं, घट्ट झालं की वरून मिरपूड भुरभुरायची. ही मिरी बहुतेक आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजाने गेलेली असणार, कारण रोमन लोकांच्या काळ्या मिरीचा मोठा स्रोत तोच होता. यातले दोन शब्द लक्षात ठेवा : 'गाळून' आणि 'मंद आचेवर'. पुढची दोन हजार वर्षं हेच दोन शब्द कस्टर्डचं खरं गुपित आहेत.

हे गुपित समजायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही. आपल्याकडे खरवस आहे. व्यालेल्या गाई-म्हशीचा चीक वाफवला की तो थापल्यासारखा जमतो. त्यात ना अंडं, ना पीठ. चिकात प्रथिनं भरपूर असतात. उष्णतेने ती उलगडतात, एकमेकांत गुंततात, त्यांचं जाळं होतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकतं. अंड्याच्या कस्टर्डमध्ये हेच घडतं, फक्त जाळं अंड्यातल्या प्रथिनांचं असतं. आणि खरवस जास्त वाफवला तर काय होतं, हे घरच्या मोठ्या बायकांना विचारा. जाळी पडते, पाणी सुटतं, मऊपणा जातो. कस्टर्डचंही तसंच. नुसतं फेटलेलं अंडं साधारण 73 अंश सेल्सिअसला आळतं. त्यात दूध आणि साखर घातली की हा आकडा 80च्या आसपास जातो. त्याच्यावर चार-पाच अंश गेलं की मिश्रण फुटतं. म्हणजे जमणं आणि बिघडणं यांत अंतर आहे ते फक्त चार-पाच अंशांचं.

आता विचार करा, हे चार-पाच अंश थर्मामीटर नसलेल्या बाईने कसे सांभाळले असतील? इथे आपण अमेरिकेत येतो, कारण घरगुती पदार्थ म्हणून कस्टर्ड पाय खऱ्या अर्थाने रुजला तो तिथे. इंग्लंडमधून गेलेल्या लोकांनी ही विद्या सोबत नेली. 1796 साली कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड इथे ॲमेलिया सिमन्स यांचं 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक छापलं गेलं. अमेरिकन व्यक्तीने लिहिलेलं आणि अमेरिकेतच प्रसिद्ध झालेलं हे पहिलं पाकपुस्तक मानतात. त्यात लाल भोपळ्याचं एक 'पुडिंग' आहे : भोपळा, दूध, अंडी, काकवी आणि मसाले, पारीत घालून भाजलेलं. आज अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला जो पम्पकिन पाय खातात, तो कुळाने कस्टर्ड पायच आहे, फक्त भोपळा घातलेला.

त्याच पुस्तकात आजाऱ्यासाठी एक कस्टर्ड आहे. एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी, दूध आणि फक्त 3 अंडी. निखाऱ्यांवर, कथलाच्या मिश्रधातूच्या भांड्यात भाजायचं. रोमन कृतीत अर्ध्या लिटरला 5 अंडी आणि इथे जवळजवळ लिटरला 3. आम्हाला ही आकडेवारी फार बोलकी वाटते. कृतीतल्या अंड्यांची संख्या पाहिली की खाणारा कोण आणि ऐपत किती, याचा अंदाज येतो.

कारण अंडी आज वाटतात तशी बारमाही नव्हती. दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी घालणं कमी करतात. हिवाळ्यात अंडी दुर्मीळ, वसंतात रेलचेल. शिवाय अमेरिकेतल्या शेतकरी घरांत अंडी आणि लोणी विकून आलेला पैसा बहुतेकदा घरच्या बाईच्या हातात असे. त्यातून साखर, चहा, कापड यायचं. म्हणजे पायात घातलेली चार अंडी ही बाजारात न गेलेली चार अंडी होती. पाय केला, याचा अर्थ त्या दिवशी घरात तेवढी सवड होती.

आणि वरचं जायफळ? तेव्हा जायफळ यायचं ते आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून. 1621 साली डचांनी ती बेटं अत्यंत क्रूरपणे जिंकली आणि तिथल्या मूळ लोकसंख्येचा बहुतांश भाग मारला, हाकलला किंवा गुलाम केला. त्यांतल्या रन नावाच्या छोट्या बेटावर इंग्रजांचा दावा होता. 1667च्या ब्रेडाच्या तहात ठरलं की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहील. रन डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन, म्हणजे आजचं न्यू यॉर्क, इंग्रजांकडे. तेव्हा अमेरिकन आजीच्या पायावरचं चिमूटभर जायफळ दिसतं तेवढं निरागस नाही. आपण श्रीखंडात, बासुंदीत, पुरणात घालतो त्याच जायफळाची ही गोष्ट आहे.

आता तो चार-पाच अंशांचा प्रश्न. जुन्या घरांत विटांची भट्टी असे. आत लाकडं जाळून भट्टी तापवायची, निखारे बाहेर ओढायचे आणि साठलेल्या उष्णतेवर भाजायचं. आधी कडक आचेवर पाव, आणि भट्टी निवत जाईल तसे नाजूक पदार्थ. आच किती आहे हे बाई हात आत घालून बघायची आणि हात किती वेळ टिकतो ते मनात मोजायची. पुढे एकोणिसाव्या शतकात बिडाच्या शेगड्या आल्या, तरी आकडे दाखवणारा काटा नव्हताच. पुस्तकांत लिहिलेलं असे : 'तेज ओव्हन', 'मंद ओव्हन'. बस्स.

1896 साली बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांचं पाकपुस्तक आलं. कप आणि चमचे सपाट भरून मोजायची शिस्त ज्यांनी लोकप्रिय केली, त्या या बाई. त्यांच्या कस्टर्ड पायात दीड कप दुधाला 2 अंडी, 3 मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि जायफळ आहे. आणि एक महत्त्वाची सूचना : ओव्हन आधी तेज ठेवा म्हणजे पारीची कड धरेल, मग आच कमी करा, कारण अंडं आणि दूध एकत्र असताना मंद आच लागते. बघा, माप चमच्यात आलं, पण आच अजून शब्दांतच आहे! इंग्लंडमध्ये आच आपोआप सांभाळणारा 'रेग्युलो' गॅसच्या शेगडीवर आला तो 1923 साली. त्याआधी हे ज्ञान आईच्या हातातून लेकीच्या हातात जात होतं, आणि कागदावर त्याचा मागमूस फार थोडा आहे.

एक गंमत सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पदार्थ अमेरिकेत इतका सर्रास झाला की मूकपटांत तो एकमेकांच्या तोंडावर फेकून मारायची विनोदी पद्धतच पडली. लॉरेल आणि हार्डी यांच्या 1927च्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी'त तर पायांचं महायुद्धच आहे. राजाच्या मेजवानीतला पदार्थ फेकण्याइतका सामान्य झाला.

आता आपल्या पिवळ्या डब्याकडे येऊ. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडं सोसत नसे. कस्टर्ड आवडतं, पण खाता येत नाही. म्हणून 1837 साली बर्ड यांनी कॉर्नफ्लोअर वापरून अंड्याशिवायचं कस्टर्ड तयार केलं. ते चुकून पाहुण्यांना वाढलं गेलं आणि त्यांना आवडलं, अशी कथा सांगतात. त्यातून धंदा उभा राहिला. पत्नीला यीस्टही चालत नसे, म्हणून त्यांनी पुढे बेकिंग पावडरही बनवली.

योगायोग असा की, त्याच 1837 साली लिस्बनजवळच्या बेलेंमध्ये अंड्याच्या कस्टर्डच्या छोट्या टार्टची विक्री सुरू झाली. 1834 साली पोर्तुगालमधले मठ बंद झाले होते, आणि जेरोनिमोस मठातली ती कृती दुकानात आली. एकाच वर्षी एकीकडे भरपूर बलकांचं कस्टर्ड बाजारात आलं आणि दुसरीकडे अंडंच नसलेलं. गोव्याच्या बेबिंकात जे भरपूर बलक घालतात, ते त्या पहिल्या, पोर्तुगीज घराण्याची आठवण करून देतात.

पावडरीचं शास्त्र अगदी उलट आहे. तिथे प्रथिनांचं जाळं नाही, पिष्ट फुगून घट्ट होतं. अंड्याचं कस्टर्ड उकळलं तर फुटतं, पावडरीचं उकळलं नाही तर कच्चं राहतं. म्हणजे ज्या चार-पाच अंशांसाठी बाया आयुष्यभर शिकत होत्या, ते अंशच पावडरीने निकालात काढले. पिवळा रंग मात्र ठेवला, नसलेल्या बलकाच्या आठवणीसाठी! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांवर रेशन होतं. साधारणपणे माणशी आठवड्याला एक अंडं. अशा काळात अनेक मुलांसाठी कस्टर्ड म्हणजे पावडरच होती. ती मुलं मोठी झाली तेव्हा त्यांच्या लेखी 'जुन्या पद्धतीचं' कस्टर्ड हेच होतं.

आणि आपल्यासाठीही. भारतात अंडं न खाणाऱ्या घरांत हा डबा सहज शिरला. पुण्याची 'वीकफील्ड' कंपनी 1956 सालची. केळी, डाळिंब, द्राक्षं घातलेलं फ्रूट कस्टर्ड ही कित्येक मराठी घरांत पाहुण्यांसाठीची खास गोष्ट होती. मुंबईच्या पारशी लग्नांत मात्र अंड्याचं, भाजलेलं 'लगननू कस्टर्ड' टिकून राहिलं. त्यातही जायफळ असतं, पारी मात्र नसते.

मग खरं कस्टर्ड कोणतं? शुद्धतावादी मंडळी पावडरीला नकली म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. एका नवऱ्याने बायकोला खाता यावं म्हणून केलेली ती युक्ती होती, आणि तिने लाखो घरांत गोडवा पोचवला. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. सोय आली की कौशल्य आधी मागे पडतं आणि मग विसरलं जातं. म्हणून हे व्याख्यान तयार करताना आम्ही ठरवलं, नुसतं वाचायचं नाही, करून बघायचं.

पहिल्या वेळी पारी कच्ची राहिली. कारण पातळ सारण ओल्या पिठावर ओतलं होतं. दुसऱ्या वेळी वरचा भाग घट्ट होईपर्यंत थांबलो. कापल्यावर ताटलीत पाणी, आणि आत खरवसाला पडते तशी जाळी. तिसऱ्या वेळी जमलं. ते असं :

175 ग्रॅम मैद्यात चिमूटभर मीठ आणि 90 ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं. करंजीला मोहन चोळतो तसंच, पण इथे मोहन गरम नाही, गार हवं. तीन-चार चमचे गार पाण्यात गोळा बांधून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा. जुन्या अमेरिकन घरांत लोण्याऐवजी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असे. पारी लाटून नऊ इंची खोलगट ताटलीत बसवायची, वर कागद घालून त्यावर राजमा किंवा चणे पसरायचे आणि 200 अंशांवर 15 मिनिटं भाजायची. मग कागद आणि चणे काढून आणखी सात-आठ मिनिटं.

सारणासाठी 4 अंडी, 100 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. फेस येऊ न देता कालवायचं. 600 मिलिलिटर दूध कोमट-गरम करून हळूहळू ओतायचं. मग गाळायचं, रोमन आचारी सांगतो तसं. गरम पारीत ओतून वर जायफळ किसायचं आणि ओव्हन 160 अंशांवर आणून 40 ते 50 मिनिटं ठेवायचं. कड घट्ट झाली, पण ताटली हलवल्यावर मधला भाग अजून थरथरतोय, तेव्हा बाहेर काढायचं. तो कच्चा नाही. आतल्या उष्णतेने पुढे आपोआप जमतो. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका.

त्या थरथरण्याशी आम्ही दोनदा चुकलो. घड्याळ बघत होतो, पाय बघत नव्हतो. आकड्यांचा ओव्हन, मोजलेलं दूध, सगळं हाताशी असूनही. जिच्याकडे यांतलं काहीच नव्हतं, ती बाई भट्टीत हात घालून मनात मोजत होती आणि तिचा पाय जमत होता. इतिहासात तिचं नाव नाही. तिच्या हाताचा अंदाज मात्र या कृतीत अजून शिल्लक आहे, आणि तो वाचून येत नाही, दोन-तीन पाय बिघडवूनच येतो.

आता प्रश्न घेऊ. आणि हो, मागच्या टेबलावर चौथा पाय ठेवला आहे, शेजारी अंडं न खाणाऱ्यांसाठी पिवळं फ्रूट कस्टर्डही आहे. दोन्ही कस्टर्डच.